माझ्यापुरती सायकल

नीरजा मोघेच्या स्वयंपाकघरात ओट्यापुढे एक पाट बारा महिने मांडलेला असायचा. बसायला नाही, उभं राहायला. ओटा उंच आणि नीरजा बुटकी. पाटावर चढलं की पोळी नीट लाटता यायची, उतरलं की कोपर खांद्याशी जायचं.

बऱ्याच वर्षांपूर्वी जुना कडाप्पा काढून ग्रॅनाइटचा ओटा करायचं ठरलं, तेव्हा गवंड्याने विचारलं होतं, उंची किती ठेवायची. सासूबाई चांगल्या उंच होत्या, वाकून वाकून त्यांची कंबर धरायची. त्या काही बोलायच्या आतच नीरजा म्हणाली, आईंच्या मापाने करा, मी काय, पायाखाली पाट घेईन. सासूबाईंनी चार जणींत तिला समजूतदार म्हटलं. पुढे त्यांनी त्या ओट्यावर जेमतेम दोन-तीन वर्षं स्वयंपाक केला आणि त्या गेल्या. ओटा राहिला, पाटही राहिला.

डोंबिवलीच्या टिळकनगरातल्या त्या घरात नीरजाला कोणी छळत नव्हतं, हे आधीच सांगितलेलं बरं. सुधीर भला माणूस होता. बँकेतून लवकर निवृत्त झालेला, सकाळचा चहा स्वतः करणारा, भाजी निवडून देणारा. नीरजाचं वळण होतं ते माहेरचं. दोन बहिणींच्या पाठची ती तिसरी. फ्रॉक यायचा तो थोरलीकडून मधलीकडे आणि मधलीकडून तिच्याकडे. नवा शिवलाच तर वाढत्या अंगाचा, म्हणजे तो मापाला येईपर्यंत विटलेला. त्यामुळे वस्तू आपल्याला होते का, हा प्रश्न तिला कधी पडलाच नाही. आपण वस्तूला होतो का, एवढंच ती बघायची, आणि बहुतेक वेळा व्हायची.

सायकलही तशीच आली. मुलगा अनिमेष नोकरीसाठी हैदराबादला गेला आणि त्याची कॉलेजातली ॲल्युमिनियमची सायकल गॅलरीत उभी राहिली. तिची धूळ पुसता पुसता पन्नाशीला टेकलेल्या नीरजाला वाटलं, नुसती पुसतोय कशाला, चालवून तर बघू. अनिमेष बापावर गेलेला, उंच. तिने सीट अगदी खाली बसवली, हँडल होतं तिथेच राहिलं. हात लांब करून, मान वर काढून ती चालवायला लागली. शेजारच्या इमारतीतली दीप्ती दातांची डॉक्टर होती आणि रोज पहाटे सायकलवरून जायची. तिच्यासोबत नीरजाही जाऊ लागली. मानपाड्याच्या रस्त्याने कारखाने मागे टाकायचे, काटई नाक्यावरून खोणीकडे वळायचं, खोणीला टपरीवर चहा प्यायचा, समोर मलंगगड उजळताना बघायचा आणि परत फिरायचं. तेवढ्या वेळात तिला कोणी काही विचारायचं नाही. डबा काय, गॅस संपला का, अनिमेषचा फोन आला होता का, काही नाही. नीरजा ह्याबद्दल कोणाशी बोलली नाही, पण पाऊस असला तर ती दिवसभर जरा तुटक वागते, हे सुधीरच्या लक्षात आलं होतं.

मग बोटं गेली. गेली म्हणजे करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, उजव्या हाताचं. खोणीच्या टपरीवर तिने चहाचा ग्लास उचलला, बाकीच्या बोटांना चटका बसला आणि ही दोन ग्लासला तशीच चिकटून राहिली, जशी काही दुसऱ्याची. दीप्ती म्हणाली, हँडलवर भार पडून येतात कधी कधी मुंग्या. नीरजाने हात झटकला आणि सोडून दिलं.

पण बोटं कामावरही यायला लागली, किंवा खरं तर यायची बंद झाली. मानपाड्याजवळच्या रंगाच्या कारखान्यात नीरजा प्रयोगशाळेत होती. काचेच्या लांब नळीतून थेंब थेंब द्रव सोडायचा आणि खालच्या पात्रात फिकट गुलाबी छटा आली की त्याच थेंबाला तोटी बंद करायची, हे काम ती पंचवीस वर्षं डोळे मिटून करत आली होती. एका आठवड्यात तीनदा पात्र एकदम राणीकलरचं झालं. तोटी फिरली ते बोटांना कळलंच नव्हतं. तिने द्रव ओतून दिला, परत केलं, कोणाला सांगितलं नाही. त्या दिवशी मात्र तिला भीती वाटली.

हाडांच्या डॉक्टरांनी मनगट दाबून, बोटं टोचून बघितली. म्हणाले, तळव्यातून जाणारी नस दबते आहे. सायकल बंद करा, नाहीतर बसायची पद्धत तरी बदला. असंच चालू राहिलं तर हाताची ताकद जाईल. सुधीर सोबत होता. त्याने वाक्याचा पहिला अर्धा भाग ऐकला, नीरजाने दुसरा. घरी येईपर्यंत तो तिला चालण्याचे फायदे सांगत होता.

दीप्तीची सायकल स्टीलची होती, बारीक नळ्यांची, ठाण्यात कोपरीला राजरत्न गमरे म्हणून एक जण आहे त्याच्याकडून बांधून घेतलेली. खोणीच्या अलीकडे रस्त्याचा एक तुकडा फार वाईट आहे. तिथे दीप्तीने तिला आपली सायकल दिली आणि स्वतः अनिमेषच्या सायकलवर बसली. नीरजाच्या हातात जी बारीक थरथर सतत यायची, मिक्सरच्या भांड्यावर हात ठेवल्यासारखी, ती कमी झाली. खड्डे तेच होते. बसत होते, पण झणझणत नव्हते. तिने घरी येऊन सांगितलं, मी स्टीलची सायकल घेते, शेवटचा प्रयत्न. नाही जमलं तर सायकल बंद.

सुधीरने विरोध केला नाही. त्याने अभ्यास केला. दोन दिवस मोबाइलवर व्हिडिओ बघून तिसऱ्या दिवशी जेवताना त्याने निकाल दिला: स्टील बरोबर, पण हँडल सरळ पाहिजे, म्हणजे ताठ बसता येतं, ते रेसरचं खाली वळलेलं हँडल म्हणजे कुबड काढून बसायची सोय. नीरजालाही ते पटलं. तिच्या वयाच्या बाईने रेसरच्या हँडलवर ओणवं व्हायचं, हे तिला कसंसंच वाटत होतं.

शनिवारी दोघं कोपरीला गेली. राजरत्नचं वर्कशॉप म्हणजे एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावरचे दोन गाळे. एकात वेल्डिंग, दुसऱ्यात त्याची बायको माया सायकली जोडायची आणि गिऱ्हाइकांना उत्तरं द्यायची. उत्तरं द्यावी लागायची, कारण राजरत्न चाळिशीचा, हाताचा चांगला पण वेळेचा कच्चा होता. पुढल्या महिन्यात म्हणाला तर तो कुठला महिना हे विचारून घ्यावं लागे. बोलायचाही फार. सुधीरने स्टीलचं कौतुक सुरू केलं तर ह्याने त्यालाच अडवलं. स्टील चांगलं, लवचिक, धक्का थोडा पितं, पण निम्मा आराम रुंद टायरमध्ये असतो आणि उरलेला मापात. माप चुकलं तर सोन्याची फ्रेम घ्या, हात दुखणारच. सरळ हँडलचंही त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, त्यावर हात ठेवायला जागा एकच, तासाभराने भार तिथेच साचतो. वळलेल्या हँडलला तीन-चार जागा मिळतात, आळीपाळीने बदलता येतात. ते उंचीला सीटच्या बरोबर ठेवलं आणि जवळ घेतलं की कुबड काढावं लागत नाही. सुधीर म्हणाला, व्हिडिओत उलट सांगितलंय. त्यावर दोघांची बरीच जुंपली आणि चहा आला तेव्हा दोघंही खुशीत होते.

गाळ्यात एक सांगाड्याची सायकल जमिनीला जखडलेली होती. ती कुठे जात नसे, पण तिचा प्रत्येक भाग सरकायचा. मायाने नीरजाला तिच्यावर बसवलं. शिंप्याच्या टेपने खांद्यांची रुंदी घेतली, तेवढंच रुंद, वळलेलं हँडल लावलं आणि ते एकेक बोट जवळ आणत गेली. एका ठिकाणी नीरजाची कोपरं आपोआप वाकली, खांदे कानांपासून खाली आले. हात हँडलवर नुसते ठेवलेले राहिले, टेकवावे लागले नाहीत. तिला ते इतकं सोपं वाटलं की काहीतरी चुकलंय असंच वाटलं.

“बरं वाटतंय, ताई?”

“हो,” नीरजा म्हणाली. मग तिचं लक्ष सांगाड्याकडे गेलं. फ्रेम किती छोटी होणार होती. शाळेतल्या मुलीची वाटेल इतकी. तिने सुधीरकडे पाहिलं. तो भिंतीवरचे टायर मोजत उभा होता, मापाबद्दल त्याने अवाक्षर काढलं नव्हतं. “पण एवढी लहान नको. मधलं माप घ्या,” ती म्हणाली. “मुलगा येतो अधूनमधून. ह्यांनाही कधी वाटलं तर. घरात सगळ्यांना होईल असं बघा. मला काय, चालेल.”

माया काही बोलणार होती, पण तिला फोन आला. राजरत्न म्हणाला, जमेल, सीट खालीवर होते, हँडलचा दांडा आखूड लावू. सुधीर म्हणाला, बघ, हे व्यवहाराचं बोललीस. ठरलं. राजरत्नने सोमवारी नळ्या कापायला घेतो म्हणून सांगितलं. परतताना सुधीरने गोखले रोडवर तिला पीयूष पाजलं.

रविवारी सकाळी नीरजा पुरणपोळ्या करत होती. अनिमेषला पाठवायच्या होत्या. पोळी लाटता लाटता ती जरा डावीकडे, डब्याकडे वळली आणि पाटाच्या कडेवरून पाय सरला. पडली नाही. ओट्याची कड धरून सावरली, लाटणं मात्र खाली गेलं. हे महिन्यातून एकदा तरी व्हायचं. ती वाकली, लाटणं उचललं, धुतलं, परत पाटावर चढायला पाय उचलला आणि तशीच थांबली.

तिला गवंडी आठवला. त्याने तिलाच विचारलं होतं. सासूबाई तेव्हा बोलल्याच नव्हत्या. कदाचित त्यांनी म्हटलंही असतं की मधली उंची ठेवा. त्यांना म्हणायला सवडच मिळाली नाही. काल मापाबद्दल सुधीरही आपणहून काही बोलला नव्हता. आणि अनिमेष, ज्याच्यासाठी मधलं माप, त्याची स्वतःची सायकल इथे गॅलरीत उभी होती, दोन पावलांवर, तिच्या बोटांचा जीव घेऊन.

तव्यावरची पोळी करपायला लागली होती. तिने ती उलटली आणि बाकीच्या पोळ्या केल्या. पाटावर उभं राहूनच केल्या, कारण दुसरा इलाज नव्हता.

सोमवारी तिने अर्धी रजा टाकली. फोन करून सांगता आलं असतं. पण फोनवर राजरत्न म्हणाला असता की मॅडम, मधल्या मापातही काम होईल, आणि आपण चालेल म्हणून मोकळ्या होऊ, हे तिला ठाऊक होतं. म्हणून ती स्वतः कोपरीला गेली. वाटभर तिच्या मनात एकच होतं, नळ्या कापल्या असतील तर. मधल्या मापाला कापून टोकं घासलेल्या नळ्या छोट्या करायच्या तर परत सगळं नव्याने. तेवढं कोणाला सांगायचं तिच्या जिवावर आलं असतं. मग ती गप्प बसली असती, मधल्या मापाची सायकल आली असती, बोटं तशीच राहिली असती आणि सहा महिन्यांनी गॅलरीत दोन सायकली उभ्या असत्या.

नळ्या कापल्या नव्हत्या. राजरत्न अजून मागच्या महिन्यातल्या कोणाचं तरी काम पुरं करत होता. त्याच्या उशिरामुळे फायदा झालेलं ते बहुधा पहिलंच गिऱ्हाईक.

नीरजा म्हणाली, माप बदलायचं आहे. राजरत्नने वेल्डिंगच्या मुखवट्याची काच वर केली आणि तिला समजावून सांगितलं की अगदी तिच्या अंगाची बांधली तर घरात दुसऱ्या कोणाला ती चालवता येणार नाही, गुडघे हँडलला लागतील. पुढे विकायची म्हटली तरी तिच्याच बांध्याचं माणूस शोधावं लागेल. त्याचं म्हणणं रास्त होतं. नीरजाला एकदम वाटलं, बरोबरच बोलतोय, एवढा हट्ट कशाला.

“माझ्यापुरती करा,” ती म्हणाली. हे बोलताना तिचा आवाज भांडल्यासारखा निघाला, आणि भांडायला तर समोर कोणीच नव्हतं.

“मी त्या दिवशीच म्हणणार होते,” आतून माया म्हणाली. “म्हटलं, आपण कशाला नवराबायकोत पडा.”

“नवरा काही बोललाच नव्हता हो,” नीरजा म्हणाली, आणि मग दोघी हसल्या.

मायाने तिला परत सांगाड्यावर बसवलं. ह्या वेळी नीरजाने घाई केली नाही. हँडल थोडं वर घ्यायला लावलं, थोडं जवळ, परत अर्धा बोट लांब. वळलेल्या भागावर हात खाली नेऊन पाहिला, तर ब्रेकचा खटका बोटांत येत नव्हता. तेही तिने सांगितलं. मायाने खटका आत घेतला. इतका वेळ कोणाचा खायचा म्हणून तिला मधूनमधून ओशाळल्यासारखं होत होतं, पण ती उतरली नाही.

सुधीरला तिने दुसऱ्या दिवशी सकाळी पोह्यांबरोबर सांगितलं. त्याचा चमचा थांबला.

“मग अनिमेष आला की?”

“त्याची त्याला आहे की.”

“आणि मी कधी चालवायची म्हटली तर?”

“तुला चालवायची आहे का?”

सुधीर प्रामाणिक होता. त्याने विचार केला. “नाही,” तो म्हणाला, “पण चालवता आली असती, असं असायला बरं वाटतं.” थोडा वेळ तो हिरमुसला होता. मग त्याने मोबाइल काढला आणि रुंद टायरांचा अभ्यास सुरू केला.

सायकल आली ती सांगितल्यापेक्षा बरीच उशिरा, श्रावण लागता लागता. गडद निळी. बारीक, सरळ नळ्या, मेंढ्याच्या शिंगासारखं वळलेलं अरुंद हँडल, सीटच्या बरोबरीला. इमारतीचे वॉचमन शिवराम तिला बघून म्हणाले, मॅडम, नातीसाठी का? नीरजा म्हणाली, नात व्हायचीय अजून, ही माझी. पहिले आठ दिवस तिला हातांचं काय करायचं तेच कळेना, इतकी वर्षं ते भार पेलायलाच शिकलेले. मग ते शिकले. खड्ड्यांच्या तुकड्यावर हात वर घ्यायचे, सरळ रस्त्यावर बाजूला, उतारावर खाली. बोटं मात्र लगेच सुधारली नाहीत. डॉक्टर म्हणाले, नस आहे ती, विजेचं बटण नव्हे. प्रयोगशाळेत अजून एकदा पात्र राणीकलरचं झालं. तिने वाट बघायची ठरवली आणि सकाळी जात राहिली.

गणपतीला अनिमेष आला. आल्या आल्या नवी सायकल बघून खूश झाला, हेल्मेट न घालताच खाली घेऊन गेला, आणि इमारतीला एक फेरी मारून परत आला.

“आई, ही फारच छोटी आहे गं. गुडघे लागतात.”

“लागणारच.”

“सीट वर केली तरी?”

“तरी. तुझी गॅलरीत आहे बघ. हवा गेलीय तिची, पंप दारामागे आहे.”

अनिमेषने सायकल भिंतीला टेकवली. घरातली एक वस्तू त्याला होत नव्हती, असं त्याच्या आठवणीत पहिल्यांदाच घडत असावं. मग तो पंप शोधायला गेला. गॅलरीतून त्याचा आवाज आला, सीट इतकी खाली कोणी केली? सुधीर म्हणाला, तुझ्या आईने. कशी चालवत होती कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी मोदकांचा धबडगा आटोपलेला होता. पहाटे मायलेक निघाले. मानपाडा मागे पडला, काटई नाका गेला. अनिमेष दणादण पुढे जायचा आणि तिच्यासाठी थांबायचा. खड्ड्यांच्या तुकड्यात तो मागे राहिला. त्याची ॲल्युमिनियमची सायकल खडखडत होती, तो तोंडाने काहीतरी पुटपुटत होता. नीरजा हात वर घेऊन, कोपरं सैल सोडून शांतपणे पार झाली आणि पलीकडे जाऊन त्याच्यासाठी उभी राहिली.

खोणीच्या टपरीवर त्याने चहा आणला. मलंगगडाच्या माथ्यावर ढग होता, खालचं अंग हिरवंगार. नीरजाने सवयीने ग्लास उजव्या हातात घेतला आणि लगेच डाव्या हातात दिला. हात झटकला.

“काय झालं?” अनिमेषने विचारलं.

“भाजलं,” ती म्हणाली. करंगळी डोळ्यांसमोर धरून तिने नीट पाहिली. मग ग्लास पुन्हा उजव्या हातात घेतला.